अर्धं झाकलेलं भिंग

भिंग अर्धं झाकलं की चित्रही अर्धंच दिसणार, असं बहुतेक माणसांना वाटतं. शिकलेल्यांना वाटतं, न शिकलेल्यांना वाटतं, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना तर जरा जास्तच वाटतं. कारण त्यांनी फळ्यावर किरणांच्या दोन रेघा काढलेल्या असतात, एक वरून जाणारी आणि एक मधून जाणारी. वरची रेघ अडवली की बिचाऱ्यांचं घोडं तिथेच अडतं. त्या दोन रेघा नुसत्या सोयीसाठी असतात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. वस्तूच्या प्रत्येक ठिपक्यातून उजेड सगळीकडे उधळत असतो. तो भिंगाच्या सबंध अंगावर पडतो आणि भिंग त्या एका ठिपक्याचा सगळा उजेड पलीकडे पुन्हा एका ठिपक्यात गोळा करतं. अर्धं भिंग झाकलं तर उरलेलं अर्धं तेच काम करतं. चित्र पूर्ण उमटतं, फक्त मंद. चित्राचा एखादा तुकडाच नाहीसा करायचा असेल तर भिंगावर हात ठेवून भागत नाही. जिथून चित्र निघतं तिथे ठेवावा लागतो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते एवढ्याशा गोष्टीवर झालं, आणि मधेच थांबून समजावत बसायचा मला कंटाळा आहे. माझ्या नाकावर राग असतो असं घरचे म्हणतात. असू दे.

मैना आणि मी एकाच शाळेत एकाच वर्षी लागलो. मी वरच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवायची, ती खालच्या वर्गांना सगळंच. मैना हे नाव मी ठेवलं. ती बोलायला लागली की मुख्याध्यापकसुद्धा हातातलं काम विसरून ऐकत बसायचे. तिनं उलट माझं नाव मास्तर ठेवलं, कारण मी घरीसुद्धा हातात खडू असल्यासारखी बोट नाचवत बोलते म्हणे. पुढे माझ्याच खटपटीनं तिचं माझ्या धाकट्या भावाशी लग्न झालं. नात्यानं ती माझी वहिनी झाली आणि मी तिची नणंद. नणंद-भावजय म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं आमच्यात काही नव्हतं. खालच्या मजल्यावर ती दोघं, वरच्या खोलीत मी, आणि स्वयंपाकघर एकच. भाऊ म्हणायचा, "लग्न माझं झालंय की तुमचं, तेच कळत नाही."

भिंगाची ही गोष्ट मी तिला त्याच स्वयंपाकघरात शिकवली. एका सकाळी खिडकीसमोर भिंग धरलं आणि समोरच्या भिंतीवर खिडकीचं चित्र पाडलं. छोटंसं, उलटं, खिडकीचे गज आणि बाहेरचं झाड सगळं खाली डोकं वर पाय. तिला म्हटलं, "आता भिंगावर अर्धा हात ठेव. काय होईल?"

"अर्धी खिडकी जाईल."

"ठेव तर खरं."

तिनं ठेवला. खिडकी होती तशीच राहिली, जरा मळकी झाली इतकंच. तिनं हात काढला, ठेवला, वरून ठेवला, खालून ठेवला. मग खाली बसून पोट धरून हसायला लागली. "म्हणजे मी इतकी वर्षं पोरांना खोटं शिकवलं!" गॅसवरचं दूध उतू गेलं तरी आमचं लक्ष नव्हतं. इतक्या जणांना मी हा प्रयोग दाखवला, पण तिच्याइतका आनंद कोणाला झालेला मी पाहिला नाही. त्या दिवशी मला वाटलं, मला माझं माणूस मिळालं.

तिथून आमचा 'उजेडाचा खेळ' सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी स्लाइडचा प्रोजेक्टर, पडदा, आरसे, भिंगं सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरायचं आणि शाळा, वाचनालयं, जिथे बोलावतील तिथे जायचं. मैना पुढे उजेडात उभी राहून बोलायची. मी मागे अंधारात यंत्रापाशी. ही वाटणी आम्हाला दोघींना पटलेली होती. मला माणसांसमोर उभं केलं तर मी पहिल्या पाच मिनिटांत कोणाला तरी झापते. एकदा एका शाळेत मधेच मोठमोठ्यानं बोलणाऱ्या पाहुण्यांना मी मागून "गप्प बसता का जरा" म्हणाले होते. ते त्या शाळेचे अध्यक्ष निघाले. मैनेनं ते हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं.

खेळात मला एकच वाक्य होतं. खेळ रंगात आला की मी अंधारातून भसाड्या आवाजात, प्रेक्षकांपैकीच कोणीतरी असल्यासारखं विचारायचं, "अहो बाई, भिंग अर्धं झाकलं तर चित्र अर्धंच दिसेल ना?" मैना कपाळावर हात आडवा धरून अंधारात बघायची आणि म्हणायची, "कोण ते? मास्तर का? झाकून दाखवा, मास्तर." मग मी तळहात भिंगावर धरायची आणि सगळी पोरं "आँ" करायची. ते "आँ" ऐकायला मी कुठेही पेटी उचलून गेले असते.

प्रोजेक्टरचं मूळचं भिंग एका प्रवासात फुटलं, तेव्हा कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे खेटे घालून मी दुसरं मिळवलं आणि कानशीनं घासून घासून त्या नळीत बसवलं. पाण्याचं भिंगही मीच केलं. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांना फुगीर काच असते, तशा दोन काचा तोंडाला तोंड लावून कडेनं चिकटवल्या आणि एका भोकातून पिचकारीनं पाणी भरलं. पहिली तीन भिंगं गळली. चौथं टिकलं, त्या दिवशी भावानं आमचा फोटो काढला. दोघी दोन बाजूंनी ते परातीएवढं भिंग धरून उभ्या, कपडे चिंब, आणि भिंगाच्या आत मागचं अंगण उलटं. त्या फोटोची स्लाइड करून घेतली. खेळाच्या शेवटी पडद्यावर तीच असायची.

मग विज्ञान केंद्रानं प्रकाशाचं एक मोठं दालन बांधायला काढलं. मैनेची तिथे ओळख झाली, बोलणी झाली आणि आमच्या खेळातलं सगळं तिथे मोठ्या आकारात उभं करायचं ठरलं. पाण्याचं भिंग तर माणसाच्या उंचीचं. दोन्ही बाजूंना उभं राहावं आणि एकमेकांना उलटं बघावं. त्याच्या काचेची जाडी, कडेची पट्टी, पाणी हिरवं पडू नये म्हणून काय करायचं, या सगळ्यात मी वर्षभर रविवार म्हणून पाहिला नाही. दालन चालवायला कायमची माणसं नेमायची होती. मैना म्हणाली, "तू शाळेचा राजीनामा दे. मीही देते. दोघी मिळून दालन बघू. आता पेटी उचलायची नाही, मास्तर, लोक आपल्याकडे येतील."

मी राजीनामा दिला. मुख्याध्यापक म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केलाय. तिनं तिचा अजून दिला नव्हता, पुढच्या महिन्यात देते म्हणाली, आणि मी पुन्हा विचारलं नाही. आपल्या माणसाला कोण पुन्हा पुन्हा विचारतं?

उद्घाटनाच्या दिवशी मैना सकाळीच केंद्रात गेली होती. भाऊ टेबलावर चहा ढवळत बसला होता. साखर कधीच विरघळली असावी, पण हा ढवळतोच आहे. मी म्हटलं, "काय रे, तोंड का पाडलंस? आज तुझ्या बायकोचा दिवस."

"तुझाही आहे ना, ताई," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. त्याला गर्दीत जायचा कंटाळा येतो, मला वाटलं तेच असेल.

मी केंद्रात पोचले तेव्हा मोठ्या भिंगात थोडं पाणी घालायचं होतं, म्हणून हातात बादली होती. सभागृहावरून जाताना दार उघडं दिसलं. आत मैना प्रोजेक्टरपाशी वाकलेली, आणि पडद्यावर आमचा फोटो. म्हणजे तिचा. उजव्या बाजूला मैना, तिच्या हातात भिंग, आणि भिंगाच्या डाव्या कडेपासून पुढे सगळं काळं. कडेवर माझी तीन बोटं तेवढी राहिली होती. कोणाची तरी तीन बोटं, भिंगाला चिकटलेली, पुढे माणूसच नाही.

"हे काय झालं?" मी दारातून विचारलं.

मैना दचकली. घाईनं तिनं ती स्लाइड ओढून दुसरी सरकवली. "काही नाही गं. भिंगासमोर पुठ्ठ्याचा तुकडा आला होता. काढला मी."

"बरं," मी म्हटलं आणि बादली घेऊन पुढे गेले.

खरंच गेले. जिना चढले, शिडीवर उभी राहिले, भिंगाच्या वरच्या भोकात पाणी ओतायला लागले, आणि निम्मी बादली रिकामी झाल्यावर माझा हात थांबला. भिंगासमोर पुठ्ठा. भिंगासमोर पुठ्ठा आल्यानं चित्र अर्धं झालं, असं तिनं मला सांगितलं. मला.

मी शिडीवरच बसून राहिले. स्वतःला समजवायला मी काही कमी हुशार नाही. म्हटलं, पुठ्ठा स्लाइडच्या खाचेत पडला असेल आणि घाईत तिच्या तोंडून भिंग गेलं असेल. म्हटलं, घाबरली असेल, आज मोठमोठी माणसं यायची आहेत. खाली जाऊन स्लाइड काढून बघायला किती वेळ लागला असता? पण मी गेले नाही. गेले नाही, खरं काय ते कळेल म्हणून.

तेवढ्यात संचालक आले. भला माणूस, त्यांच्या बोलण्यात आडपडदा नसतो. शिडीखाली उभे राहून म्हणाले, "ताई, तुम्ही अजून राबताय! तुमचे उपकार आहेत हो आमच्यावर. पुढेही अधूनमधून येत जाल ना, काही गळलं-बिघडलं तर?"

"अधूनमधून म्हणजे?"

"म्हणजे रोज नाही म्हणत मी. तुम्हाला ती जबाबदारी नकोय हे तुमच्या वहिनींनी सांगितलंय. माणसांत वावरणं तुम्हाला आवडत नाही, चिडचिड होते, म्हणाल्या. म्हणून तर आम्ही दालनप्रमुख म्हणून त्यांना एकट्यांनाच नेमलं. बाकी सगळं त्यांचंच आहे म्हणा. हे भिंगसुद्धा कसं सुचलं त्यांना, देव जाणे."

मी शिडीवरून उतरले. अर्धी बादली तिथेच ठेवली. चिडचिड होते हे खरं होतं ना. खोट्यात खऱ्याची एवढीशी चिमूट घातली की ते किती चवदार होतं. आणि ती चिमूट किती घालायची हे माझ्या घरात राहिल्याशिवाय कोणाला कळलं असतं?

मी मैनेला शोधत गेले. रंगमंचामागच्या खोलीत ती आरशासमोर बसली होती. भोवती केंद्रातल्या दोघीतिघी. एक तिचे केस सारखे करत होती, एक पाण्याचा पेला घेऊन उभी.

"मला बोलायचंय," मी म्हटलं.

"नंतर बोलू गं. घसा बघ ना माझा कसा झालाय." आरशातूनच बोलत होती. मग जरा थांबून म्हणाली, "आणि हे बघ, आज तो मागून प्रश्नबिश्न नको हं. मोठी माणसं आहेत, पोरकट वाटतं ते. मी सरळ सांगून टाकीन."

"ते म्हणजे काय सरळ सांगशील?"

"अगं भिंगाचं." तिनं पेला घेतला. "जा ना, यंत्राकडे बघ. तू असलीस की मला काळजी नसते."

माझा भाऊ कोपऱ्यातल्या खुर्चीवर होता. त्याच्याकडे बघितलं तर तो बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती. त्याला सगळं माहीत होतं. कधीपासून कोण जाणे. एकाच टेबलावर आम्ही तिघं जेवत होतो आणि दोघांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

मी यंत्रापाशी जाऊन बसले. आता तरी स्लाइड काढून बघावी म्हणून काढली. खिडकीकडे धरली. काळी चिकटपट्टी, पात्यानं सरळ कापलेली, कोपरे तिरके छाटलेले. इतकं नीटस काम माझ्या हातून होत नाही. खेळासाठी स्लाइडला पट्टी लावायची असली की ते काम नेहमी मैनेकडे असायचं. तिनं बसून, डोळे बारीक करून, जीभ दातांत धरून माझ्यावर पट्टी लावली होती. बोटांपाशी भिंग कापलं गेलं असतं म्हणून बोटं ठेवली. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या एवढ्याशा चौकोनात दिसलं.

पट्टी तिथल्या तिथे ओढून काढता आली असती. काढली नाही. तुम्हाला हसू येईल, पण मला तेव्हाही एकच गोष्ट हवी होती. नोकरी गेली, ती गेलीच होती. नाव गेलं, त्याचं मला कधी फारसं काही वाटलं नाही. मला हवं होतं की तिला माझ्यासमोर लाज वाटावी. सकाळी ती जे बोलली ते घाबरून, तोंडाला आलं म्हणून बोलली असेल, तर अजून काहीतरी शिल्लक होतं. आणि घाबरून बोललेलं माणूस पुन्हा तीच गोष्ट समोर आली की अडखळतं. निदान एक श्वास तरी अडखळतं. मी ठरवलं, प्रश्न विचारायचा.

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत पाहुणे, संचालक आणि माझा भाऊ, मागे शाळांची मुलं. दिवे मालवले. मैना उभी राहिली आणि बोलायला लागली, आणि खरं सांगायचं तर इतकी सुंदर ती आधी कधी बोलली नव्हती. उजेड सरळ चालतो इथपासून सुरुवात केली, भिंग त्याला कसं वळवतं ते सांगितलं, डोळ्याच्या आत सगळं जग कसं उलटं पडतं ते सांगितलं. माझीच वाक्यं होती बरीचशी. पण माझ्या तोंडात ती कोरडी होती आणि तिच्या तोंडात लोक ती टिपून घेत होते. मी एकेक स्लाइड पुढे सरकवत होते, सगळ्या उलट्या बसवलेल्या, म्हणजे लोकांना सरळ दिसाव्यात. हात आपोआप चालत होते.

शेवटची स्लाइड आली. काळ्या अर्ध्या पडद्याशेजारी मैना, भिंग आणि तीन बोटं. "इथून हे सगळं सुरू झालं," ती म्हणाली. "एका घराच्या मागच्या अंगणात, भिजलेल्या कपड्यांत, हे पहिलं भिंग मी..."

"अहो बाई," मी मागून म्हटलं. भसाडा आवाज काढायची गरज नव्हती, तसाच निघाला. "भिंग अर्धं झाकलं तर चित्र अर्धंच दिसेल ना?"

माणसं वळून बघायला लागली. मैनेनं अंधारात पाहिलं. कपाळावर हात धरला नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, जितकं मला लांबून दिसत होतं तितकं. अडखळ, मनात म्हणत होते मी. थोडीशी अडखळ.

"छान प्रश्न आहे," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, हसरा. "सगळ्यांना असंच वाटतं. आपण करूनच बघू. जरा भिंगावर हात धरता का?"

मी तळहात धरला. पडदा मंद झाला. मैना होती तशीच राहिली, भिंग राहिलं, बोटं राहिली.

"बघा. चित्र पूर्ण आहे, फक्त उजेड कमी झाला. भिंगासमोर काहीही आलं, हात आला, पुठ्ठा आला, तरी चित्राचा तुकडा पडत नाही. कारण चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी सबंध भिंग राबत असतं."

पुठ्ठा आला. तो शब्दसुद्धा तिनं टाळला नाही. मुलांनी "आँ" केलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझा हात भिंगावर तसाच राहिला. सकाळी ती घाबरली नव्हती. ती मला पुरती ओळखत होती, एवढंच. मला खोटं कळणार हे तिला माहीत होतं, आणि कळूनही मी "बरं" म्हणून बादली उचलणार हेही माहीत होतं. मी तिला जीव लावला होता आणि त्या जिवाचा तिनं बरोबर अंदाज घेतला होता.

मी हात काढला. स्लाइड बाहेर ओढली. पडदा पांढराफटक झाला. दिव्याच्या उष्णतेनं पट्टीचा गोंद मऊ पडला होता, नखानं एका ओढीत निघाली. स्लाइड पुन्हा आत सरकवली.

पडद्यावर आम्ही दोघी. मैना उजवीकडे, मी डावीकडे, दात दाखवत हसणारी, केस तोंडावर आलेले, मनगटापर्यंत गोंद. माझ्या जागेवर गोंदाचे थोडे डाग राहिले होते, पण मी होते. सभागृहात कुजबुज झाली. संचालक मान वळवून माझ्याकडे आणि पुन्हा पडद्याकडे बघत होते. माझा भाऊ खाली बघत होता.

आता ती अडखळली. एक श्वास, जास्त नाही. मग पडद्याकडे हात करून म्हणाली, "आणि ह्या आमच्या नणंदबाई. आमचं यंत्र त्याच सांभाळतात. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ देत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, त्यांचा काय दोष? मुलं मागे वळून माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं होतं, पट्टी काढली की मी दिसेन. पट्टी नसतानाही मला झाकता येतं, हे शिकायला मला तो दिवस लागला. सबंध मला पडद्यावर ठेवून तिनं एका वाक्यात मालवून टाकलं होतं.

मी उभी राहिले. प्रोजेक्टरची नळी दोन्ही हातांनी धरून फिरवली आणि भिंग बाहेर काढलं. माझं होतं ते. चांगलं तापलं होतं, रुमालात गुंडाळलं आणि पिशवीत टाकलं. दिवा मी मालवला नाही. स्लाइडही आतच होती. पण पडद्यावर आता ना मैना होती ना मी. नुसता मळकट पांढरा डाग, धुक्यासारखा पसरलेला. प्रत्येक ठिपक्याचा उजेड सगळ्या पडद्यावर सांडत होता आणि तो गोळा करणारं काही मधे उरलं नव्हतं.

"चित्र जरा स्पष्ट करता का?" मैना माइकवरून म्हणाली. लोकांकडे बघून हसली. "यंत्रं म्हटली की असं व्हायचंच."

मी खुर्च्यांच्या कडेकडेनं दाराकडे चालत होते. कोणाच्या लक्षात आलं नाही, सगळे पडद्याकडे बघत होते, आता येईल, आता येईल म्हणून. मैनेनं पुढचं वाक्य सुरू केलं, सोडून दिलं, आणखी एक सुरू केलं. मग सभागृह इतकं शांत झालं की यंत्राचा पंखा ऐकू यायला लागला.

"मास्तर?" ती म्हणाली.

सकाळपासून ती मला एकदाही मास्तर म्हणाली नव्हती. मी दार उघडलं, बाहेर पडले आणि ते मागे ओढून घेतलं.